आठवीचे लेखक, तिसरीचे परीक्षक

पालकहो,

दिवाळीची सुट्टी संपली की आठवीतली तुमची मुलं घरात जरा जास्तच त्रास द्यायला लागतील. आजीला दुपारची झोपू देणार नाहीत. आजोबांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतील आणि दुसऱ्या खेपेला साल बदललं तर जागच्या जागी पकडतील. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढा म्हणून मागे लागतील. हा त्यांचा आगाऊपणा नाही, शाळेनेच लावून दिलेलं काम आहे. म्हणून आधीच कानावर घालते.

काम असं आहे. आठवीच्या मुलामुलींनी चौघापाचजणांच्या गटात इतिहासाचं एक छोटं पुस्तक लिहायचं. सोळा पानांचं, हाताने लिहिलेलं, चित्रंही हातानेच काढलेली. वाचक ठरलेले आहेत: आपल्याच शाळेतली तिसरी-चौथीची मुलं. ती नुसती वाचणार नाहीत, परीक्षकही तीच. कच्चा खर्डा त्यांच्या हातात पडेल, ती त्यावर शेरे मारतील आणि मग आठवीने सगळं पुन्हा लिहायचं. मी गुण द्यायचे नाहीत. आकारिक मूल्यमापनात नोंद होईल, तेवढंच.

पालकसभेत हे सांगितलं की पहिला हात वर होतो तो पोर्शनसाठी. ‘बाई, एनएमएमएसची परीक्षा तोंडावर आहे, त्यात हे कशाला?’ काळजी रास्त आहे. पण आठवीचं इतिहासाचं पुस्तक उघडून बघा, पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं तो एका संध्याकाळी पाठ करून टाकतात. मौखिक साधनं कोणती असं विचारलं, तर पोवाडे, ओव्या, लोकगीतं असं लिहून मोकळी होतात. घरातल्या पलंगावर बसलेली ऐंशी वर्षांची आजी हे मौखिक साधन आहे आणि त्या साधनाला आत्ताच विचारून घेतलं पाहिजे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. हा धडा पाठ होतो, पण वापरला जात नाही. पुस्तक लिहायला बसलं की तो वापरावाच लागतो.

दुसरा प्रश्न, ‘परदेशात करतात का असलं काही?’ हाही दरवर्षी येतो, म्हणून सांगून टाकते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डोंगराळ रेबन काउंटीत १९६६ मध्ये हायस्कूलच्या मुलांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून ‘फॉक्सफायर’ नावाचं मासिक सुरू केलं. लाकडाचं घर कसं बांधायचे, साबण कसा करायचे, औषधी मुळ्या कुठल्या, सगळं विचारून लिहिलं. १९७२ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि ते देशभर खपलं. तेव्हा परदेशाचा शिक्का हवा असेल तर तोही आहे. आपल्याला मात्र खपाची घाई नाही. आपल्या पुस्तकाची एकच प्रत निघते आणि ती शाळेच्या वाचनालयात राहते.

आता लहान मुलंच वाचक का, ते सांगते. मोठ्यांसाठी लिहिताना मुलांना लपायला जागा असते. ‘१८४८ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू करून स्त्रीशिक्षणाचा पाया घातला’ असं पेपरात लिहिलं की पूर्ण गुण मिळतात. मीही देते. एका गटाने हेच वाक्य पुस्तकात जसंच्या तसं उतरवलं आणि तिसरीतल्या एका चिमुरडीने समासात विचारलं, ‘मुली आधी शाळेत का जात नव्हत्या? शाळा नव्हती का घरचे सोडत नव्हते?’ गटातल्या एकालाही सांगता येईना. प्रश्न किती नेमका आहे बघा. दोन वेगळी कारणं तिने सुटी करून समोर ठेवली होती. मग गट शोधायला लागला. शिकलेल्या बाईविषयी लोकांच्या मनात काय काय भरलेलं होतं, शाळेत जाता-येता सावित्रीबाईंना काय सोसावं लागलं, मुलग्यांच्या शाळेत तरी कुणाला प्रवेश होता आणि कुणाला दारातूनच परत पाठवत. सावित्रीबाई आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. तरी या मुलांना जयंतीच्या भाषणापलीकडे त्यांच्याबद्दल फारसं माहीत नव्हतं.

शोधता शोधता त्यांना मुक्ता साळवे भेटली. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी वयाची पोर आपल्या माणसांचे हाल स्वतःच्या शब्दांत मांडते आणि ते छापलं जातं, हे आठवीच्या मुलांनाच नवं होतं. तिसरीवाल्यांना तर तीच जास्त आवडली. पुस्तकाचं नाव बदलून मुक्तावर गेलं.

पण मला विचाराल तर सगळ्यात भरीव पुस्तकं निघतात ती घरच्या माणसांच्या आठवणींतून. आपला हा माणदेश. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेलं माणूस इथे अजून पुष्कळ घरांत आहे. पाऊस दोन वर्षं आधीपासूनच ओढ देत होता, १९७२ ला त्याने पुरती पाठ फिरवली. एका गटाने तोच विषय घेतला. आपापल्या घरी आणि शेजारीपाजारी जाऊन आठवणी गोळा केल्या: दुष्काळी कामावर खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, मुकादमाची हजेरी, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. खर्डा मला तरी उत्तम वाटला. आकडे होते, कारणं होती, चित्रंही होती.

वाचनाच्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाने एकच प्रश्न लिहिला: ‘सुकडी गोड होती का?’

कुणी विचारलंच नव्हतं! सुकडी कुणी दिली, कधी दिली, किती दिली, सगळं टिपून घेतलं होतं आणि ती लागायची कशी हे राहून गेलं होतं. गट पुन्हा घरोघरी गेला. एका आजीने सांगितलं, गोड लागायची, आम्ही पोरं त्यासाठीच आईबरोबर कामावर जायचो. दुसऱ्या घरचे आजोबा म्हणाले, ‘भुकेपोटी गोड काय नि कडू काय, पोटात गेलं म्हणजे झालं.’ या दोन उत्तरांमध्ये दुष्काळ जेवढा कळतो तेवढा मी तासभर फळ्यासमोर उभी राहून सांगू शकणार नाही. शिवाय त्या दुसऱ्या फेरीत आजी मोकळेपणाने बोलायला लागल्या. आई खडी फोडायची तेव्हा धाकट्या भावाची झोळी बाभळीला बांधून त्या झोके देत बसायच्या. शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच. पहिल्या फेरीत मुलांनी विचारलं होतं, ‘दुष्काळाचे परिणाम काय झाले?’ अशा प्रश्नाला कोणती आजी झोळीची गोष्ट सांगेल?

आणखी एक गंमत सांगते. आपल्याकडची म्हातारी माणसं नेहमी म्हणतात, बहात्तरला धान्य नव्हतं पण प्यायला पाणी होतं. आता दुकानात धान्य आहे आणि पाणी टँकरने येतं. गटाने हे वाक्य पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. चौथीतल्या एका मुलीने त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं: ‘पाणी होतं तर दुष्काळ कसला?’ आता आली का पंचाईत! पिकाला लागणारं पाणी आणि घागरीला लागणारं पाणी यातला फरक, विहिरीच्या तळाशी उरणारं पाणी, त्या दुष्काळानंतर गावोगाव पसरलेलं बोअरचं लोण, हे सगळं एका पानात, चौथीला कळेल असं मांडायला गटाला भूगोलाच्या सरांकडे जावं लागलं. सरांनाही ते सोपं करताना डोकं खाजवावं लागलं.

त्याच गटाने रोजगार हमी योजनेबद्दलही लिहिलं. दुष्काळी कामांच्या अनुभवातून ही योजना उभी राहिली, तिच्यामागे वि. स. पागे होते, महाराष्ट्राने १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला. ‘कामाचा हक्क’ असं लिहिलेल्या ठिकाणी तिसरीने ओळीने प्रश्नचिन्हं काढली होती. शेवटी गटाने लिहिलं, ‘काम मागायला आलेल्या माणसाला सरकारने नाही म्हणायचं नाही, असा कायदा झाला.’ मी नागरिकशास्त्र इतकी वर्षं शिकवते आहे, याहून सोपं मला सुचलेलं नाही.

आठवणी चुकतात, हेही मुलांना याच कामात कळतं. एका आजोबांचं म्हणणं, सुकडी वाटायला लागले तेव्हा आमच्या थोरल्याचं लग्न होतं, म्हणजे एकाहत्तर. आजी म्हणाल्या, बहात्तर. वाद मिटेना तेव्हा नातवाने पेटी उघडून लग्नपत्रिकाच शोधून काढली. तिच्यावर शके १८९४ लिहिलेलं. शकात ७८ मिळवायचे हे गणित त्या घरात बहुधा पहिल्यांदाच कुणी केलं असेल. आजी जिंकल्या. एका पिवळ्या पडलेल्या पत्रिकेने साल ठरवलं, आणि ‘लिखित साधन’ हे शब्द त्या मुलाला पुन्हा पाठ करावे लागले नाहीत.

पेटीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरची जुनी दप्तरं मिळवत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यातून उभे राहिले. कित्येक कागद त्यांच्या आधी वाळवीने गाठले असतील, कित्येक रद्दीत गेले असतील. तुमच्या माळ्यावरचे कागद काही पेशव्यांचे नसतील. पण जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला, सातबारा, गिरणीतला पगाराचा कागद, मुंबईहून आलेली पोस्टकार्डं, हाही कागदच. मुलांना तो बघू द्या, हाताळू द्या. मूळ कागद मात्र शाळेत पाठवू नका, मोबाइलवर फोटो काढून द्या. सोळा हातांतून फिरलेला कागद जसाच्या तसा परत येईल याची हमी मी देणार नाही.

आता जरा अवघड बोलायचं आहे. एका गटाने महाडचं चवदार तळं निवडलं. खर्ड्यात लिहिलं, ‘२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह केला.’ चौथीच्या एका मुलाचा शेरा आला, ‘पाणी पिण्यात सत्याग्रह कसला? पाणी तर सगळ्यांचंच असतं.’ गट उत्तर शोधायला गेला आणि चक्रावून परत आला. कारण कागदावर ते तळं आधीच खुलं झालेलं होतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झालेला, महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केलेला. तरी त्या पाण्याला हात लावायची अस्पृश्यांना सोय नव्हती. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. दुसरा खर्डा वाचून तोच मुलगा म्हणाला, ‘ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं?’ गटाने हे वाक्य त्याला विचारून मलपृष्ठावर घेतलं.

त्यावर एका घरून विचारणा झाली, की लहान मुलांच्या पुस्तकात जात कशाला आणता, त्यांना त्यातलं काही माहीत नसतं. माझं मत स्पष्ट सांगते. तिसरीतल्या मुलाला जात ठाऊक नसते, हा आपला समज आहे. डबा कुणाबरोबर खायचा आणि कुणाबरोबर नाही हे काही मुलं घरून शिकून येतात. मला ते मधल्या सुट्टीत दिसतं. मग निदान त्या गोष्टीचा इतिहास तरी त्यांनी वाचावा. कुठे थांबायचं तेही आम्ही ठरवलेलं आहे. कत्तलींची, शिक्षांची अंगावर येणारी वर्णनं तिसरी-चौथीच्या पुस्तकात नसतील. ती आठवीने वाचली तरी गाळायची. अन्याय मात्र गाळायचा नाही. भूकंपात माणसं गेली हे लिहायचं, कशी गेली ते लिहायचं नाही. आठवीची मुलं ही सीमा आपण समजतो त्याहून चांगली पाळतात. कारण त्यांच्यापैकी निम्म्यांची धाकटी भावंडंच समोर वाचायला बसलेली असतात.

शिवरायांबद्दल लिहिणाऱ्या गटाची परीक्षा सगळ्यात कडक असते. चौथीचं वर्ष म्हणजे शिवरायांचं वर्ष, त्या मुलांना पुस्तक पानापानाने पाठ असतं. एका गटाने सिंहगडाची लढाई घेतली, ४ फेब्रुवारी १६७०. आणि मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ‘घोरपडीची गोष्ट खोटी आहे.’ चौथीतला एक मुलगा ताडताड चालत माझ्याकडे आला. डोळ्यांत पाणी. ‘बाई, हे दादा घोरपड नव्हतीच म्हणतात!’

मी गटाला एवढंच विचारलं, की तुम्हाला कसं कळलं. पुढचं त्यांनीच केलं. नव्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं, की शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात यशवंती घोरपड येते. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरचा माणूस, त्याची बखर १६९७ च्या सुमाराची. तिच्यात घोरपड नाही, कडा चढून जाणारे मावळे आहेत. आणि खाली विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्या एका प्रश्नाने चौथीचा वर्ग पेटला. घोरपडीच्या कमरेला दोर बांधला तर तिला माणसाचं वजन पेलेल का, पोवाडा आधीचा की बखर, शाहीर गोष्ट रंगवून का सांगतो. मघाशी रडणारा मुलगा आता तावातावाने बोलत होता आणि या खेपेला त्याच्याकडे कारणं होती. गडाचं सिंहगड हे नाव त्या लढाईच्या आधीच्या पत्रांतही येतं, हे गटाला एका पुस्तकात सापडलं होतं. पण एका वेळी एकच धक्का पुरे, असं त्यांनी आपणहून ठरवलं. संपादकाला लागणारं तारतम्य ते हेच.

यामुळे मुलांच्या श्रद्धेला तडा जातो, असंही एका पालकांनी कळवलं होतं. घोरपड काढली की तानाजींचं शौर्य उणावतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी सिंहगडाचा तो कडा एकदा खालून बघावा. रात्री, हातापायांच्या बळावर चढलेला.

वाचनाच्या तासाचे नियम थोडक्यात सांगते. एक लहान वाचक, त्याच्यासमोर एक मोठा लेखक. आवडलं तिथे वाचकाने चांदणी काढायची, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, कंटाळा आला तिथे आडवी रेघ. लेखकाने तोंड उघडायचं नाही. ‘अरे, त्याचा अर्थ असा की’ असं समजावून सांगायला बंदी, कारण वाचनालयातल्या पुस्तकासोबत लेखक बसलेला नसतो. त्याने फक्त बघायचं: कोणत्या पानावर वाचकाची नजर खिडकीबाहेर गेली, कुठे तो हसला, कुठे मागचं पान उलटून पुन्हा बघितलं.

हे सोपं नाही. माझ्या लाल शाईला ही मुलं केव्हाच सरावली आहेत. गुण बघतात आणि वही मिटतात, शेरा वाचतीलच असं नाही. आठ वर्षांच्या पोरीने ओढलेली आडवी रेघ मात्र झोंबते. मागे एक हुशार मुलगा चांगलाच फुगून बसला होता. ‘तिला काय कळतंय?’ त्याच्याच गटातली मुलगी म्हणाली, ‘तिला कळावं म्हणूनच लिहिलंय ना आपण?’ पुढचा खर्डा त्याने एकट्याने, मधल्या सुट्टीत बसून लिहिला. तुमचं मूल अशा दिवशी तोंड पाडून घरी आलं तर त्याची बाजू घेऊ नका आणि त्याला झापूही नका. जेवायला वाढा. दुसऱ्या दिवशी ते आपोआप लिहायला बसतं.

लहान्यांचं म्हणाल, तर त्यांना मिळतं ते वेगळंच. पुस्तक हे माणसाने लिहिलेलं असतं, लिहिणाऱ्याला प्रश्न विचारता येतो आणि प्रश्न बरोबर असेल तर पान बदलतं, हे ती आपल्या डोळ्यांनी बघतात. मोबाइलवर आलेला प्रत्येक ऐतिहासिक मजकूर खरा मानून पुढे ढकलणारी आपण मोठी माणसं आजूबाजूला असताना, एवढं शिक्षण तिसरीत मिळालं तर मला हवंच आहे.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगते. पहिली गोष्ट, पुस्तक तुम्ही लिहू नका. प्रकल्प म्हटलं की आई अक्षर काढते, बाबा डीटीपीवाल्याकडे जातात आणि स्टेशनरीच्या दुकानातून महापुरुषांच्या चित्रांची पट्टी येते, हे मला माहीत आहे. शेजारणीचे लाडू आपले म्हणून पाहुण्यांपुढे ठेवण्यातला हा प्रकार. इथे वाकड्यातिकड्या चित्राचं स्वागत आहे. मोबाइलला विचारून उतरवलेला गुळगुळीत परिच्छेद मला ओळखता येवो न येवो, तिसरीला बरोबर कळतो. त्याच्यावर ती तीनचार आडव्या रेघा ओढून पुढे जातात.

दुसरं, घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा. काही आठवणी दुखऱ्या असतात. आजीला एखाद्या गोष्टीवर बोलायचं नसेल तर मुलाला तिथेच थांबवा. सांगितलेलं सगळं छापायचं नसतं, हेही त्याला कळू द्या. आवाज नोंदवून घ्यायचा तर सांगून घ्यायचा. आणि आजोबा बोलत असताना ‘अहो बाबा, तसं नव्हतं’ म्हणून मध्ये तोंड घालू नका. चूक असली तरी मुलालाच ती सापडू दे. लग्नपत्रिका आठवते ना?

तिसरं, पुस्तकातलं काही पटलं नाही तर चिठ्ठी पाठवण्याऐवजी वाचनाच्या दिवशी या. त्याच नियमांनी बसा, प्रश्नचिन्ह काढा, लेखकांना कारण विचारा. त्यांच्याकडे उत्तर नसेल तर ते शोधतील. तुमच्याकडे पुरावा असेल तर पान बदलेल. माझ्याकडे तक्रार करून मात्र पान बदलणार नाही.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. त्याच आठवड्यातल्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, पक्की पुस्तकं वाचली जातील. ज्यांच्या आठवणी पुस्तकांत आल्या आहेत त्या आजी-आजोबांना जरूर आणा, त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवलेल्या असतील. हारतुरे, फुलगुच्छ, शाल-श्रीफळ काही नको.

आणि तिसरी-चौथीच्या पालकांना हात जोडून एकच विनंती. ‘छान आहे म्हण हं, नाहीतर दादाला वाईट वाटेल,’ असं शिकवून मुलाला पाठवू नका. त्याला कंटाळा आला असेल तर खुशाल आडवी रेघ ओढू द्या.